पुट

गुरुवारी सात वाजता, ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
हीटर लावला की करपलेल्या धुळीचा वास येतो
आणि आमच्या हातांना हॅडॉकचा,
कितीही लिंबू चोळा.
आम्ही चौघं एकाच पट्ट्यावर मासे सोलतो.
शिलान केस कापते, तिच्या बोटांना शॅम्पूचा वास,
म्हणून सगळ्यांना तिच्याच शेजारी बसायचं असतं.

मिसेस ॲपलयार्ड फळ्यावर एक क्रियापद लिहितात: पुट.
ठेवणे. सोपं आहे, म्हणतात,
आणि त्याच्या शेपटीला एकेक डबा बांधत जातात.
पुट ऑन: अंगावर चढवणे. कोट, चष्मा, वजनसुद्धा.
पुट ऑफ: उद्यावर ढकलणे.
पुट आऊट: आग विझवणे, किंवा रात्री मांजराला दाराबाहेर काढणे.
पुट अप विथ: निमूट सोसणे.

"ठेवणे, वर, सह," तेस्फालेम बोटांवर मोजतो,
"यात सोसणं कुठे आलं?"
मिसेस ॲपलयार्ड मार्कर उघडा धरून खरंच विचार करतात.
"ते आत मुरलेलं असतं," शेवटी म्हणतात, "वरून दिसत नाही."
तेस्फालेम मान हलवतो, वहीत लिहून घेतो.
त्याला कळलं असावं.
तो तीन देश पायी ओलांडून आलाय.

पुट डाऊन: खाली ठेवणे.
हे मला येत होतं. फोरमन दिवसभर तेच ओरडतो,
क्रेट खाली ठेव, सुरी खाली ठेव, फोन खाली ठेव.
पुढचं मी ऐकलंच नाही.
वहीच्या कडेला रुदिसचा कान काढत बसले.

रुदिस कौनासहून व्हॅनमधून आला, माझ्या पायांशी, दोन दिवस.
नवऱ्यापेक्षा जास्त टिकला.
इंग्रजीतला एकच शब्द त्याला यायचा, वॉक,
आणि तो त्यानं माझ्याआधी शिकून घेतला.

त्या मंगळवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी
त्याच्या पोटावर बराच वेळ हात फिरवला.
मग हळू बोलल्या,
इथे आमच्याशी सगळेच हळू बोलतात, पण त्याहून हळू:
आय थिंक वुई शुड पुट हिम डाऊन.
तो माझ्या कडेवर होता.
मला वाटलं, माझे हात भरून आलेत हे त्यांना दिसलं.
चांगली बाई आहे, मी मनात म्हटलं
आणि त्याला खाली ठेवलं.
अलगद, आधी पुढचे पाय, मग मागचे,
थंड फरशीवर.
तो माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसला.

डॉक्टरीणबाई काहीच बोलेनात.
मग त्याही बसल्या, हिरव्या कपड्यांनिशी, तिथेच फरशीवर,
आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ
त्यांनी मला समजावून सांगितला.

दोन गुरुवार मी गेले नाही. पुट ऑफ.

आज गोंधळात पाडणारे शब्द.
लूस: सैल. लूझ: हरवणे.
कानाला जवळजवळ सारखे, कागदावर एका ओचा फरक.
"हरवणाऱ्या शब्दातला एक ओ हरवलेला असतो,"
मिसेस ॲपलयार्ड सांगतात, "असं लक्षात ठेवा."
सगळे हसतात. युक्ती चांगली आहे. मीही लिहून घेते.
माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर अजून दोन वाडगे आहेत,
एकमेकांना चिकटून.
मी त्यांना वळसा घालून चहा करते.

तास संपताना मी हात वर करते.
खाली ठेवलेलं परत उचलायचं, त्याला काय म्हणायचं?
"पिक अप," त्या लिहितात, आणि सवयीनं पुढचेही अर्थ:
घ्यायला जाणे. वाटेत कुणाला गाडीत घेणे.
सुधारणे, म्हणजे धंदा, तब्येत, वारा.
वारा सुधारत नाही, वाढतो, शिलान म्हणते,
आणि त्यावर दोघींचं बरंच चालतं.

फोनवर सकाळचा निरोप आहे.
रुदिस इज रेडी टू पिक अप. शनिवारी, दहा ते बारा.
या वेळी मी एकेक शब्द बोट ठेवून वाचलाय.
कुठला अर्थ, ते मला ठाऊक आहे.
बाकीचे अर्थ मात्र अजून फळ्यावर आहेत,
आणि मिसेस ॲपलयार्ड डस्टर शोधतायत.